खाटेखालचे दोन चिरे

होड्या वर ओढल्या गेल्या की देवबागेत माणसं हातापायांचं काय करावं या विचारात पडतात. आठ महिने पर्यटकांना पाण्यात उतरवणारे, पाण्यातून वर काढणारे, "ताई, तोंडानं श्वास घ्या, नाकानं नाही" असं घसा सुकेपर्यंत सांगणारे आम्ही सगळे एकदम गप्प होतो. सिलिंडर रिकामे करून कोपऱ्यात, लाइफ जॅकेटं धुऊन माळ्यावर, किनाऱ्यावरचे बोर्ड उलटे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आमची वाडी. पावसाळ्यात दोन्हीकडून आवाज येतो आणि कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. घरात माणूस बोललेलं ऐकू येत नाही म्हणून आम्ही मोठ्यानं बोलतो, आणि बाहेरच्यांना वाटतं आम्ही भांडतोय. तसं भांडतोही.

यंदाही परवा आम्ही भिकूकाकाची लाकडी होडी वर ओढली. भिकूकाका आमचा शेजारी, बाबांबरोबर एका होडीवर उभा जन्म काढलेला. होडी ठेवायची त्याची पद्धत ठरलेली आहे. मागच्या अंगाखाली जांभ्या दगडाचे दोन चिरे सारायचे, म्हणजे नाक जरा खाली राहतं आणि आत पडलेलं पावसाचं पाणी पुढच्या भोकातून निघून जातं. चिरे सारून झाले, तसा तो हात झटकत माझ्याकडे बघून म्हणाला, "निजली बघ तुजी भयण." होडीला माझी बहीण केली म्हणून सगळे हसले, मीही हसलो. माझ्या तळपायांना मात्र मुंग्या आल्या. त्या दर वर्षी याच दिवसांत येतात.

कारण एक अख्खा पावसाळा मीही तसाच काढला आहे. डोकं खाली, पाय वर.

झालं असं, की त्या हिवाळ्यात पोहायला, म्हणजे खरं तर बुडायला, एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पाण्याखालून वर आल्या आणि होडीच्या काठाला धरून धापा टाकत विचारलं, "खाली तुम्हाला स्वतःचं वजन जाणवतं का हो?" मी म्हटलं, नाही, ते किनाऱ्यावर वाट बघत बसलेलं असतं, उतरलं की अंगावर पडतं. त्यांना हे उत्तर फारच आवडलं. मग त्यांनी सांगितलं की अंतराळात जाणाऱ्या माणसांचं वजन असं महिनोन्‌महिने हरवलेलं असतं. हाडं भुसभुशीत होतात, पोटऱ्या झडतात, रक्त पायांत राहायचं सोडून डोक्याकडे चढतं. याचा अभ्यास करायचा तर ज्याला त्याला वर पाठवता येत नाही. म्हणून धडधाकट माणसाला जमिनीवरच तिरक्या खाटेवर निजवतात, डोक्याची बाजू पायांपेक्षा थोडी खाली ठेवून. तेवढ्या उतारावर शरीर फसतं. त्याला वाटतं, आपण तरंगतोय. त्यांच्या संस्थेत असा अभ्यास पावसाळ्यात सुरू होणार होता आणि माणसं हवी होती.

"म्हणजे नुसतं पडून राहायचं?"

"नुसतं पडून राहायचं. पण उठायचं नाही. कशालाही नाही."

मालवणी माणसाला पडून राहायला कोणी आग्रहाचं बोलावणं करावं, यापेक्षा मोठा मान तो कोणता. वाडीत ही बातमी चार दिवस पुरली. भिकूकाका म्हणाला, "पडान ऱ्हवाक इतक्या लांब कित्याक जातंस? माजो धाकलो हंयच पडान आसा, तेका धाड." मला मात्र खरोखर जायचं होतं. पाण्यातलं ते हलकेपण मला आवडायचं. ते कोरड्यावर कसं लागतं ते मला बघायचं होतं.

आई हसली नाही. सुपातले तांदूळ निवडता निवडता तिनं एवढंच विचारलं, "पाय जमनीक लागाचे नायत?"

"नाय."

"एकदाव?"

"एकदाव नाय."

ती परत तांदूळ निवडायला लागली.

या प्रश्नामागे काय होतं ते सांगायला हवं. मी शाळेत असताना बाबा समुद्रावर गेले ते आलेच नाहीत. होडी सापडली, फळीला मिठी मारलेला भिकूकाका सापडला, बाबा नाहीत. वाट बघून बघून शेवटी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. पाऊस कोसळत होता, भटजींना पुढं जायचं होतं, बांधणाऱ्यांचे हात गारठलेले. पुतळा उचलला तेव्हा आई दारातून म्हणाली, "तेका पाय केल्यानीच नाय." कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही.

*

पहिले दिवस नुसता वैताग होता. नाक चोंदलेलं, डोकं जड, कमरेत कळा. जेवण आडवं, अंघोळ आडवी, सगळं आडवं. एक खांदा सतत गादीला टेकलेला हवा, हा नियम. विसरून अंग उचललं की कुठून तरी नम्र आवाज यायचा, "दादा, खांदा." कोपऱ्यात कॅमेरा होता. मी त्याला आधी शिव्या दिल्या, मग त्याच्याशी गप्पा मारल्या, मग तो आहे हे विसरलो.

पुढं पुढं एक वेगळीच शांतता येते. ती चांगली म्हणावी की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. छत जमीन होतं. छताच्या पट्ट्यांवरून आपण चालतोय असं वाटायला लागतं. आरसा मागितला तर त्यात सुजलेल्या गालांचा, भरलेल्या गळ्याचा एक अनोळखी इसम. त्याच्या कपाळावर सुरकुती नाही, आणि तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतोय. खाली, म्हणजे तिकडं वर, पायांकडं बघावं तर चादरीखाली काही आहे की नाही अशी शंका यायची. सगळं रक्त, सगळं बळ, सगळा मी डोक्याकडं गोळा झालेला. पाय कोणाचे तरी तिथं विसरून राहिलेले.

आणि मग तळपाय सोलायला लागले. जन्मभर अनवाणी वाळू तुडवून, होडीच्या कडांना घासून, दुपारच्या तापल्या किनाऱ्यावर पळून माझे तळवे चामड्यासारखे झालेले. त्यांना आता काम नव्हतं. पापुद्रे सुटायला लागले, जाड, पिवळट, नखाएवढे, मग बोटाएवढे. परिचारिका ते हलक्या हातानं पुसून घ्यायची. खालून गुलाबी, ओलसर, तान्ह्या मुलाची असावी तशी कातडी आली. मी तिला म्हटलं, "ते जपून ठेवा, माझं सगळं चालणं त्याच्यात आहे." ती हसली आणि ते कचऱ्यात गेलं. मला खरोखर वाईट वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, मला तळव्यांखाली वाळू लागली.

मी जागा होतो. दुपारी झोपायला परवानगीच नव्हती. पाय हवेत, चादरीला फक्त टाचा टेकलेल्या. आणि ओली, थंड वाळू. लाट मागं सरताना टाचेखालची वाळू निसटते, तसं निसटणं. मग पुढचं पाऊल. मग त्याच्या पुढचं. कोणी तरी चालत होतं आणि बातमी माझ्याकडं येत होती. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाल्या, पायांकडून बातम्या येईनाशा झाल्या की मेंदू जुन्याच परत छापतो, घाबरू नका. मला ते पटलं. अजूनही बरंचसं पटतं.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"तू थंयच आसंस मा?"

"मगे खंय जातलंय? निजान आसंय."

तिच्याकडचा पाऊस फोनात ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "दुपारी पडवेर पाय उमटले. वाळयेचे. चार बोटांचे."

आमच्या पट्टीवर माणसं एकमेकांना पावलांवरून ओळखतात. सकाळी किनाऱ्यावर गेलं की कोण आधी जाऊन आला, कोण ओझं घेऊन आला, कोण पिऊन आला, सगळं वाळूवर लिहिलेलं असतं. माझ्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. ती जमिनीला टेकत नाही. म्हणून माझा उजवा पाय चार बोटांचा उमटतो. वाडीत आता तसा दुसरा पाय नाही.

मी काहीतरी थट्टा केली. ती थट्टेवर आली नाही. "बरो आसंस मा? तोंड दाखय," म्हणाली. मी व्हिडिओ लावून दाखवलं. ते सुजलेलं तोंड बघून तिचं समाधान कितपत झालं असेल कोण जाणे.

गंमत म्हणजे पुढच्या फोनांमध्ये ती घाबरलेली नसायची. उलट तिचा आवाज सुधारत गेला. "आज पण उमटले," असं सांगायची, जसं माहेरहून कोणी आल्याचं सांगावं. आणि एकदा म्हणाली, "राखणदाराक चपला घातलंय."

राखणदार म्हणजे आमच्या सीमेवरचा देव. उंडीच्या झाडाखाली त्याचा दगड आहे. तो सीमेवरून फिरतो, वाडी राखतो, आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस बोलणारे त्याला कातडी चपला घालतात. मी मनात म्हटलं, चला, आईनं आपल्यासाठी नवस केला. पोराचे पाय शाबूत राहू देत. डोळ्यांत पाणी आलं. उताराच्या खाटेवर डोळ्यांतलं पाणी खाली गालांवर येत नाही, कपाळाकडं जातं.

*

उठवलं तेव्हा काय झालं ते मला फारसं आठवत नाही. फळीला बांधून हळूहळू उभं केलं, समोरचं सगळं पांढरं झालं. माझं वजन, जे मी किनाऱ्यावर सोडून आलो होतो, ते तिथपर्यंत माग काढत आलं आणि एकदम अंगावर पडलं. मग काही दिवस चालण्याचे धडे. मग घर.

घरी आलो तो नारळी पौर्णिमेच्या आसपास. वाडी मला बघायला आली. गाल भरलेले आणि पाय काठ्यांचे, असा मी पडवीत बसलेला. भिकूकाकानं माझ्या पोटरीला दोन बोटांत धरलं आणि म्हणाला, "हेच्यापेक्षा कुर्लेच्या पायात मास आसता." खेकड्याच्याही खाली गेलेल्या त्या पायांनी अंगणातून चार पावलं टाकली तरी वाळूचे कण त्या नव्या तळव्यांना सुयांसारखे टोचायचे. डोळे मिटले की जमीन डोक्याच्या बाजूला झुकायची. होडीत उभं राहून बघितलं, किनाऱ्यावर बांधलेल्या, गुडघाभर पाण्यातल्या होडीत. आणि मी, जो भर लाटेत एका पायावर उभा राहून नांगर टाकायचो, तो लहान मुलासारखा खाली बसलो. दसऱ्याला हंगाम उघडायचा होता. माझं सगळं पोट, सगळी इज्जत त्या उभं राहण्यावर होती.

आणि झोप येईना. सपाट खाटेवर मला वाटायचं मी पायांच्या बाजूनं घसरतोय. आईनं ते ओळखलं. मी काही म्हणायच्या आत कुंपणाजवळचे दोन चिरे उचलून आणले आणि खाटेच्या पायथ्याखाली सारले. डोकं खाली गेलं, चेहऱ्यात रक्त आलं आणि मला गाढ झोप लागली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं की आता सपाटच झोपायचं. मी आईला सांगितलंही. "होय, होय," म्हणाली, आणि चिरे तिथंच राहिले.

पावलं मी स्वतः बघितली ती त्याच आठवड्यात. दुपारची वेळ, वाडी जेवून लवंडलेली. पाऊस एका सुरात लागलेला. मी खाटेवर तसाच, डोकं खाली. आणि पायरीवर आवाज आला. थप, थप. मग थप, थप. वाळूतून येणारा माणूस आत यायच्या आधी पाय पायरीवर आपटून झटकतो, तसा. आधी एक पाय दोनदा, मग दुसरा दोनदा. मला वाटलं भिकूकाका. हाक मारली. उठावं तर डोकं गरगरतं. भिंतीला धरून धरून पडवीत आलो.

पायरीपासून पावलं आत आली होती. बारीक ओल्या वाळूची, स्वच्छ. टाच जड, पुढचा भाग दाबून टाकलेला, डावा पाय पाच बोटांचा, उजवा चार. लाकडी खांबापर्यंत येऊन थांबलेली. परत गेलेलं एकही नाही. आणि खांबाजवळ आई उकिडवी बसली होती, त्या शेवटच्या पावलाशेजारी जमिनीवर हात टेकून. तिच्या चेहऱ्यावर भीती असती तर मला धीर आला असता.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "उठलंस कित्या?" म्हणाली. "पड जा."

मी घाबरलो, हे मी लपवत नाही. आधी मला वाटलं, मीच. झोपेत उठून चालत असेन, पावसात जाऊन येत असेन, आणि आठवत नसेल. त्या दिवसांत माझ्या डोक्याचा मला भरवसा नव्हता. म्हणून दुसऱ्या खेपेला पावलं उमटली तेव्हा मी त्यांच्या शेजारी माझा ओला पाय टेकवला. चार बोटं दोन्हीकडं. पण माझं पाऊल फताडं, मऊ, कुठंच न दाबलेलं, उठावं की बसावं हे न ठरलेल्या माणसाचं. आणि ते दुसरं माझ्याहून बोटभर लांब होतं.

भिकूकाकाला बोलावून दाखवलं. म्हटलं हा आता काहीतरी वाह्यात बोलेल आणि माझं हसू परत येईल. त्यानं बघितलं. डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगळली. "तुमच्या पडवेर पावस आत येता," एवढं बोलला आणि अंगणातून न जाता मागच्या दारानं घरी गेला. त्यानंतर दसऱ्यापर्यंत तो आमच्या पडवीत चढला नाही. मेंदूच्या जुन्या बातम्यांचं मला मान्य आहे, पण भिकूकाका काही तिरक्या खाटेवर निजला नव्हता.

आईचं मात्र बरं चाललं होतं. मला सकाळी पेज, दुपारी कुळथाची पिठी, आणि जेवण झालं की "पड जरा". व्यायामाला बाहेर पडायला लागलो की तिला काहीतरी आठवायचं. पाऊस येतोय. पाय ओले होतील. आज अमावास्या. काल चाललंस तेवढं पुरे. मी ते लाड म्हणून घेतले. कोणाला नको असतात. आणि मला खाटेवर निजवलं की ती पडवी कोरड्या फडक्यानं पुसून काढायची, एक थेंब राहू द्यायची नाही, आणि माजघराच्या उंबऱ्यावर बसायची. केस विंचरलेले. त्या वयात ती दुपारी अंबाड्यात अबोलीच्या फुलांचा वळेसर घालत होती, हे माझ्या लक्षात यायला किती दिवस लागले बघा.

एका सकाळी ती पाण्याला गेली असताना मी काठी घेऊन राखणदाराकडं निघालो. म्हटलं, आपल्यासाठी घातलेल्या चपला बघून पाया तरी पडावं. अर्ध्या वाटेत दोनदा बसलो. उंडीखाली ओळीनं चपलांचे जोड होते, नवे, बुरशी आलेले, वाकडे झालेले. आईचा जोड ओळखायला वेळ लागला नाही. तळ झिजून कातड्याची चाळण झालेली, टाचेकडं भोक पडलेलं, आणि खाचांत ओली वाळू. याच पावसाळ्यात घातलेला जोड. मी माझा पाय त्यावर ठेवला. टाचेमागं बोटभर जागा उरली.

त्या मापाची चप्पल आमच्या घरात एकाच माणसाची होती. चार बोटांचा पाय मला ज्याच्याकडून आला त्याची.

मी परत कसा आलो ते पायांना माहीत. आई चुलीपुढं होती. मी म्हटलं, "चपला माज्यासाठी घातलंस असा माका वाटलेला."

तिनं भात उतरवला. झाकण ठेवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुज्यासाठीच घातलंय. तुजे पाय जमनीवरसून सुटले. घरात चलणारो कोण तरी व्हयो मा. तेका सांगलंय, आपलो झिल निजान आसा, तो उठापर्यंत तू चल. मगे तो चालाक लागलो."

"आणि मी उठलंय तर?"

तिनं आतल्या खोलीकडं, खाटेखालच्या चिऱ्यांकडं बघितलं, आणि पदरानं तोंड पुसलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. मेलेल्या माणसाच्या पावलांसाठी जिवंत पोराला हिनं खाटेवर डोकं खाली करून ठेवलं, असं मनात आलं आणि ते मी तोंडानंही बोललो. ती ऐकून घेत होती. माझं बोलून झालं तेव्हा बाहेर पायरीवर आवाज झाला. थप, थप. थप, थप. आम्ही दोघांनीही ऐकला. मी उठलो नाही. तीही उठली नाही. तिचे डोळे दाराकडं लागले होते आणि हात अंबाड्याकडं गेला होता, फुलं आहेत ना बघायला. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो, पण तिला नवऱ्याची वाट बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

त्यानंतर मी तिला काही म्हटलं नाही. ती म्हणाली पड, की पडायचो. हंगाम जवळ येत होता, माझ्या जागी दुसऱ्याला घ्यायचं बोलणं सुरू झालं होतं, आणि मी डोकं खाली करून छताच्या वाशांवरून चालत होतो. उठावं तर तिचं माणूस जाणार. पडून राहावं तर माझं उभं राहणं जाणार. असा पेच कोणत्या डॉक्टरला सांगणार.

तो तिनंच सोडवला. एका सकाळी मी दात घासून आत आलो तर ती खाटेशी वाकलेली. एक चिरा ओढून काढला होता, दुसरा निघत नव्हता. मी धावलो नाही, धावता येत नव्हतं, पण गेलो. दोघांनी मिळून ओढला. खाट सपाट टेकली. आई चिऱ्यावरच बसली, दम खात. मग माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "उठ आता. चाल. तेचे पाय दुखत आसतले."

त्या दिवसापासून मी चाललो. वाळूवरून, अनवाणी, तळवे सोलपटेपर्यंत. पहिले दिवस ती माझ्याबरोबर यायची आणि मागं वळून माझी पावलं बघायची. दसऱ्याला मी होडीत उभा राहिलो. पाय थरथरत होते, पण उभा राहिलो, आणि भिकूकाका किनाऱ्यावरून शिव्या देत होता, म्हणजे सगळं ठीक होतं. दुपारी घरी आलो, पायरीवर पाय झटकले, आत पाऊल टाकलं. आई उंबऱ्यावर होती. तिनं दाराकडं झटकन बघितलं, आणि मग मी आहे हे तिला दिसलं. "इलंस?" म्हणाली. केसांत फुलं नव्हती.

पडवीत नंतर कधी काही उमटलं नाही.

*

आता माझे तळवे पुन्हा चामड्याचे झाले आहेत. डॉक्टरीणबाई मध्येच फोन करून हाडांची चौकशी करतात. हाडं ठीक आहेत. आई थकली आहे. दुपारी तिला ऐकायला कमी येतं, तरी ती उंबऱ्यावर बसते, आणि पाऊस कितीही असो, पडवी कोरडी करून ठेवते. मी बघतो आणि बघितलं नाही असं करतो.

परवा भिकूकाकाची होडी निजवून झाली तेव्हा दोन चिरे उरले. मी ते खांद्यावर घेऊन घरी आलो. आई पडवीत लसूण सोलत होती. तिनं चिऱ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कित्याक?"

"पाठ दुखता," मी म्हटलं.

माझी पाठ दुखत नाही हे तिला ठाऊक आहे. मी चिरे खाटेच्या पायथ्याखाली सारले आणि जेवून आडवा झालो. डोकं खाली गेलं. चेहऱ्यात रक्त आलं, कान भरले, पाय हळूहळू हलके होऊन दूर गेले. खरं सांगायचं तर या खेपेला ते पाय मलाही बघायचे आहेत. मागं बघितले ते नुसते घाबरून. माझ्या बापाचे पाय होते, आणि मी ते मापायला बसलो.

बाहेर आई पडवी पुसून घेत होती. फडकं पिळल्याचा आवाज आला, मग कोरडं फडकं फिरल्याचा. मग ती खोलीच्या दाराशी आली. तिनं फुलं घातली होती की नाही, ते मला तिरकं दिसलं नाही.

"निजलंस मा?" तिनं विचारलं.

"निजलंय," मी म्हटलं.